अप्पांनी विटवलेली पँट

आमच्या अक्काच्या सासऱ्यांइतका रंगावर विश्वास आणि माणसांवर अविश्वास ठेवणारा गृहस्थ अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुढे कधी होईल असं मला वाटत नाही. त्यांना घरीदारी सगळे अप्पा म्हणत. सोलापूरच्या एका कापड गिरणीत रंगखात्याचे मास्तर म्हणून त्यांनी हयात घालवली होती. निवृत्त झाल्यावरही गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की ते अंथरुणातून ताडकन उठत, आधी चादरीचा रंग बघत आणि मग देवाचं नाव घेत. अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, धोतर शुभ्र, आणि हाताच्या नखांच्या कडा मात्र कायमच्या निळ्या. सदऱ्याच्या उजव्या खिशात पत्र्याची पानाची डबी असे. त्या डबीत पान कधीच नसायचं, असायचा तो ओला केलेला पांढरा रुमाल. माणूस भेटला की नमस्काराच्या आधी अप्पा डबी उघडत आणि तो रुमाल समोरच्याच्या बाहीवर खसाखसा घासत. रुमाल पांढरा राहिला तर माणूस बसवून घ्यायला लायक. रुमालाला रंग लागला तर तो त्याच्या नाकासमोर धरून विचारत, "कुटनं घेतलं हे? जा, परत करून ये." मग तो माणूस नात्यातला असो की हुद्द्यातला, त्याला चहा अर्धा कपच मिळे.

घरात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा नांदत. व्यवहार मराठीत चाले, पण आनंद, राग आणि अभिमान या तीन गोष्टी अप्पा कन्नडमध्येच करत. त्यांच्या खात्यातून निघालेलं कापड कुणी अंगावर घातलेलं दिसलं की ते भर रस्त्यात त्याला थांबवत, रुमाल घासून दाखवत आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत, "बण्ण होगंगिल्ल!" म्हणजे रंग जाणार नाही. अप्पांचं घर होतं त्या बाळीवेशीतल्या पोरासोरांनाही ही आरोळी पाठ होती. अप्पा गल्लीच्या तोंडाशी दिसले की पोरंच आधी ओरडत, आणि अप्पा त्यांच्याकडे कौतुकानं बघत मान डोलवत.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती बार्शीला, आमच्या घरी, अक्काला बघायला आले तेव्हा. आईनं अक्काला दहा वेळा पढवून ठेवलं होतं की स्वयंपाकाचं विचारतील, विणकामाचं विचारतील. अप्पांनी काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी बाजूला ठेवून ते उठले, डबी उघडली आणि अक्काच्या पदराचं टोक चिमटीत धरून त्यावर रुमाल घासला. आमचे वडील पाटावरून अर्धे उठले होते. रुमाल पांढराफेक राहिला. अप्पा म्हणाले, "पसंत हाय. ज्या घरात खोट्या रंगाचं कापड येत न्हाय, त्या घरात आनि काय बघायचं?" ते लुगडं आईनं ऐनवेळी शेजारणीकडून मागून आणलं होतं ही गोष्ट आमच्या घरानं पुढं कधीही बाहेर फुटू दिली नाही.

कॉलेजसाठी मी सोलापूरला अक्काकडेच राहायला गेलो आणि मला हा माणूस रोजच्या रोज मिळाला. अप्पा मला नावानं हाक मारत नसत, "बार्शी" म्हणत. "काय बार्शी, सदरा नवा दिसतोय," असं म्हणत ते जवळ आले की मी आपणहून बाही पुढं करी. निवडणुकीत त्यांचं मत ज्या पक्षाच्या झेंड्याचा रंग वळवाच्या पावसात काठीवर उतरत नसे त्या पक्षाला जाई. त्यामुळे कुठल्याच उमेदवाराला अप्पांचा भरवसा धरता येत नसे. रंगपंचमीचा त्यांना मनस्वी तिटकारा. "दुसऱ्या दिवशी जातो तो काय रंग म्हणायचा?" असं म्हणून एका वर्षी त्यांनी स्वतः घरी रंग बनवून गल्लीत वाटला. त्या वर्षी बाळीवेशीतली माणसं आंब्याच्या मोसमापर्यंत ओळखू येत होती. एक शिक्षक हिरव्या कानानं वर्ग घेत होते, आणि एका नवरदेवाला तर जांभळ्या मानेनं बोहल्यावर उभं राहावं लागलं. अप्पा त्या लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि नवरदेवाच्या मानेवर रुमाल घासून तृप्त मनानं जेवायला बसले.

जगात त्यांना एकच वैरी होता, तो म्हणजे सोलापूरचं ऊन. "माझ्या तोडीचा हा एकटाच हाय," असं ते आकाशाकडे बोट दाखवून म्हणत. घरातलं रंगीत कापड माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, वाळत घालायला सक्त मनाई होती. अव्वा, म्हणजे अप्पांच्या पत्नी, लुगडी घरातच दोरीवर वाळवत, आणि आम्ही सगळे त्या ओल्या लुगड्यांखालून वाकून येत-जात असू.

अशा या माणसाच्या पोटी बसवराज जन्माला आला. अक्काचा हा धाकटा दीर, सगळ्यांचा बसू. थोरले, म्हणजे माझे भावजी, सरळ मार्गानं कचेरीत लागले होते. बसू मात्र गावातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, केस मानेवर रुळवायचा आणि नोकरीचा विषय निघाला की अंघोळीला जायचा. अप्पांना गिटार म्हणजे काय हे कधी कळलं नाही. "तुणतुण्याला गर्व झाला की त्याची गिटार होते," इतकंच ते म्हणत, आणि पोरगा वाजवायला बसला की उठून बाहेर जात.

त्या काळात शहाण्यासुरत्या घरातल्या पोरांच्या विजारी पायाशी घंटेसारख्या रुंद होत चालल्या होत्या, आणि त्यातच बसूच्या एका मित्रानं, जो मुंबईला बोटीवर कामाला होता, त्याला एक जीनची पँट आणून दिली. कुणा परदेशी खलाशानं वापरून टाकलेली. मूळची निळी, पण गुडघ्यांवर पांढरट, मांड्यांवर फिकट, खिशांच्या कडा झिजलेल्या, आणि सगळी मिळून जुन्या गोणपाटाची कळा. बसूला ती जीव की प्राण होती. ती पँट घालून तो गल्लीतून निघाला की खिडक्या उघडायच्या. अप्पांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा डबी उघडली आणि गुडघ्यावर रुमाल घासला. रुमाल निळा झाला.

"कुठल्या मिलचा माल?" अप्पांनी विचारलं.

"अमेरिकेचा, अप्पा."

"मग अमेरिकेचं काय खरं न्हाय," अप्पा म्हणाले आणि त्या देशाचा विषय त्यांच्यापुरता संपला.

पण गल्लीचा विषय संपला नाही. रंगमास्तराचा पोरगा विटक्या पँटीत फिरतो, यावर पारावर हसणं सुरू झालं. कुणीतरी तोंडावरच विचारलं, "काय मास्तर, हा तुमच्याच खात्यातला माल की काय?" अप्पांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं, पण शब्द मनात राहिला. त्यातच एप्रिलच्या अखेरीसाठी ऑर्केस्ट्राचा मोठा कार्यक्रम ठरला, आणि बातमी आली की पुण्याच्या एका नामांकित ऑर्केस्ट्राचे मालक गिटारवाला पोरगा निवडायला त्या कार्यक्रमाला येणार आहेत. बसू दिवसभर सराव करू लागला. अप्पांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. पोरगा मोठ्या माणसापुढं उभा राहणार, आणि तो अशा भिकारड्या पँटीत? कधी नव्हे ते त्यांना पोराच्या कामात आपला हातभार लागावा असं वाटलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं ते शुद्ध मायेपोटी झालं.

एक दिवस बसू बाहेर गेलेला पाहून अप्पांनी पँट काखेत मारली आणि गिरणी गाठली. जुन्या सहकाऱ्यांनी मास्तरांना डोक्यावर घेतलं. खात्यातला सगळ्यात पक्का निळा निघाला, पिंप तापलं, आणि अप्पांनी स्वतः बाह्या सारून ती पँट त्यात बुडवली, काढली, परत बुडवली. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा पँट वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती आणि सोबत पेढे होते. बसू आल्यावर त्यांनी पुडकं त्याच्यापुढं उघडलं. आत काळ्याशार निळ्या रंगाची, इस्त्रीची कडक घडी मारलेली पँट होती. गुडघा, मांडी, खिसा सगळीकडे एकच गडद रंग. गिरणीतल्या फिटरनं पहिल्या दिवशी कामावर घालून जावी तशी दिसत होती. अप्पांनी डबी उघडून त्यावर रुमाल घासला, पांढरा रुमाल उंच धरला आणि घर दणाणून टाकलं. "बण्ण होगंगिल्ल!"

बसूनं पेढ्याला हात लावला नाही. पँट उचलून बघितली, परत ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, मी मागितलं हुतं काय तुमाला? ह्या घरात माझं म्हणून एक चड्डीबी माझी ऱ्हात न्हाय." आणि तो बाहेर निघून गेला. माझ्याशी तो त्या दिवशी एवढंच बोलला, "बार्शी, पुण्यानं घेतलं तर बरंच झालं. न्हाय घेतलं तरी मी जाणार. आन गेलो की परत यायचं न्हाय." तो संतापून बोलला असता तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण तो शांतपणे बोलला होता, म्हणून मला भीती वाटली.

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं आणि मधल्यामध्ये माझा टेलिफोन झाला. जेवताना अप्पा म्हणत, "बार्शी, त्याला म्हणावं भाकरी घे." बसू म्हणे, "बार्शी, त्यांना म्हणावं घेतली." दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेले असत. शेंगांची चटणीसुद्धा माझ्या हातूनच इकडून तिकडे जाई. अव्वानं दोन दिवस हे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी अप्पांचं ताट वाढून, ते जेवायला बसण्याच्या आत, माझ्याकडून काढून घेतलेलं सगळं त्यांना सांगून टाकलं. पोरगा परत येणार नाही म्हणतो, हेसुद्धा. अप्पा पाटावर बसले आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "उतरवतो." अव्वा म्हणाल्या, "काय?" अप्पा म्हणाले, "रंग."

चुकलं असं म्हणणं अप्पांच्या तोंडात आयुष्यात आलं नव्हतं. ते त्यांना जमलंच नसतं. पण रंगाचं काम होतं आणि ते त्यांना जमणार होतं, निदान त्यांना तसं वाटलं. गोची अशी की रंग त्यांच्याच हातचा होता. साबण, सोडा, उकळतं पाणी, सगळं झालं, रंग हलेना. अप्पा रुमाल घासत, तो पांढरा बघत आणि चेहरा असा करत की त्यांना अभिमान वाटतोय की रडू येतंय हे समजू नये. अखेर गिरणीतून एक वासट पूड आणून त्यांनी अंगणात पिंप मांडलं. कुजक्या अंड्यांच्या त्या वासानं शेजारच्या घरातली पाहुणे मंडळी मुक्काम आवरता घेऊन मंद्रूपला परतली, पण रंग उतरला. अप्पांनी पँट मोठ्या ऐटीत बसूच्या खाटेवर नेऊन ठेवली. बसू बघून म्हणाला, "बार्शी, त्यांना म्हणावं आता दवाखान्याचा पडदा झाला."

अप्पा माझ्यावरच चिडले, आधी कन्नडमध्ये आणि मग मला कळावं म्हणून मराठीत. "अरे, हात फिरवून बघ! कुटं डाग हाय? वरपासून खालपर्यंत एकसारखा उतरलाय!"

"अप्पा, तेच तर," मी म्हटलं. "एकसारखा नको. गुडघ्यावर जास्त जायला पाहिजे, मांडीवर जायला पाहिजे, शिवणीत राहायला पाहिजे. माणसानं घालून घालून गेल्यासारखा."

आयुष्यभर कापडावर रंग एकसारखा बसावा म्हणून कामगारांच्या मागं लागलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला. पण एकदा पचल्यावर अप्पांनी ज्या निष्ठेनं रंग बसवला त्याच निष्ठेनं तो कसा जातो याचा अभ्यास आरंभला. ते नव्या पेठेत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गुडघे बघू लागले. शिंप्याची विजार कुठं झिजते, हमालाचा खांदा कुठं विटतो, सायकलवाल्याची कुठली मांडी आधी जाते. टांगेवाल्याच्या मागं तर ते इतके वाकून बघत होते की तो खाली उतरून म्हणाला, "क्या देखरे अप्पा? पीछे क्या लगा है मेरेकू?" अप्पांनी गंभीरपणे सांगितलं, "रंग गेलाय. लई सुंदर गेलाय." त्या दिवसापासून त्यांना पाहिलं की टांगेवाला घोडा पिटाळी.

गावभर हिंडून त्यांना एक गोष्ट उमगली, ती त्यांनी मला अंगणात बसून सांगितली. "बार्शी, हरेक माणसाचं कापड येगळ्या जागी विटतं. आता आपला बसू कुटं विटल?" मी म्हटलं, "तो गिटार घेऊन बसतो ना, तिथं." दुसऱ्या दिवशी बसू सरावाला बसला तेव्हा ते नेहमीप्रमाणे उठून बाहेर गेले नाहीत. दाराच्या फटीशी, ओल्या लुगड्याच्या आड पाट टाकून बसले आणि बघत राहिले. कितीतरी वेळ. गिटार उजव्या मांडीवर कुठं टेकते, मनगट कुठं घासतं, तालावर डावा पाय कसा हलतो, सूर चुकला की पोरगा गुडघ्यावर तळहात कसा पुसतो. त्या वेळी मी त्यांच्या मागं उभा होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याला घाम लई येतो रे हाताला. भीत असंल काय?" पोराचा हात कधी भिजतो हे त्यांना तोवर माहीत नव्हतं, आणि ते माहीत नव्हतं याचं वाईट त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग अप्पांनी दोन गोष्टी केल्या ज्या ते कधी करतील असं कुणी म्हटलं असतं तर मी पैज हरलो असतो. पहिली म्हणजे नीळ आणली. धुण्याच्या पाण्यात टाकतात ती पुडीतली नव्हे, झाडाची, पिंपात आंबवून करतात ती. या निळीला ते भाडेकरू म्हणत, कधी उठून जाईल नेम नाही म्हणून. शहराच्या पूर्व भागात एक तेलुगू रंगारी होते, त्यांनी आयुष्यभर नीळच केली, आणि म्हणून अप्पा त्यांच्या ओट्यासमोरून जाताना टोपी पुढं ओढून जात. आता ते त्याच ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "जाणारा रंग पायजे." तो म्हातारा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पण रंग त्यानं मनापासून दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे ती निळीत रंगवलेली पँट अप्पांनी स्वतः घातली.

हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांच्या आयुष्याचं सार्थक झालं. वर पांढरा सदरा, टोपी, कपाळाला विभूती, आणि खाली जीनची पँट, सुतळीनं कमरेशी बांधलेली. ती घालून ते गुडघे टेकून पूजेला बसले. ती घालून सायकलवरून सिद्धेश्वर तळ्यापर्यंत गेले आणि घाटाच्या दगडी पायऱ्यांवरून एकेक पायरी बसत बसत खाली घसरले. पँट ओली करायची, घालायची, घासायची, परत ओली करायची. टाचा घासायची वजरी गुडघ्यांवर फिरू लागली, खिशांच्या कडांना विटेचा तुकडा. आणि भर दुपारी, कावळासुद्धा सावलीला बसतो त्या वेळी, अप्पा माळवदावर खाटेवर बसत आणि अव्वाची पितळी परात उजव्या मांडीवर आडवी धरून, बसू गिटार धरतो तशी, वर-खाली घासत राहत. मधूनच मनगट. मधूनच डावा पाय तालावर. मधूनच गुडघ्यावर ओला तळहात. आकाशाकडे तोंड करून म्हणत, "ये बाबा. आता तुझंबी काम दाखव." जन्माचा वैरी तो, पण त्यानंही कसूर केली नाही.

शेजारपाजारची माळवदं माणसांनी भरून गेली. "अप्पांना ऊन लागलं," असं एक म्हणाला. "परातीचं काय चाललंय?" दुसऱ्यानं विचारलं. अव्वा खालून ओरडल्या, "अहो, मला कणीक मळायची हाय की!" अप्पांना कुणाचंच ऐकू येत नव्हतं. आणि एका दुपारी त्यांनी डबी उघडली, रुमाल मांडीवर घासला, तो निळा झालेला बघितला, आणि खाटेवर उभं राहून दोन्ही हात वर करून ओरडले, "होतु! बण्ण होतु!" गेला, रंग गेला! आख्ख्या बाळीवेशीनं ही आरोळी पहिल्यांदाच ऐकली. काय झालं ते कुणाला कळलं नाही, पण त्या आवाजात असा काही विजय होता की शेजारच्या माळवदावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अप्पांनी ती धुतलेली पँट बसूच्या खाटेवर ठेवली आणि ते दाराआड जाऊन उभे राहिले. बसूनं ती उलटसुलट करून पाहिली. मग घातली. सवयीनं गिटार घेऊन खाटेच्या कडेला बसला. गिटारीचं पोट उजव्या मांडीवर टेकलं आणि बरोबर त्या फिकट पट्ट्यावर बसलं. मनगट घासतं तिथं एक बारीक पांढरी रेघ होती. डाव्या गुडघ्यावर तळहाताएवढा विटका ठिपका होता. बसूनं त्यावर तळहात ठेवून पाहिला. ती खलाशाची पँट आता राहिली नव्हती. ती घालून दुसरं कुणी बसलं असतं तर रंग चुकीच्या जागी गेलाय असंच वाटलं असतं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "अप्पा, रुमाल हाय काय?"

इतक्या आठवड्यांत तो पहिल्यांदा थेट बोलला होता. अप्पा दाराआडून आले, डबी उघडली, ओला रुमाल त्याच्या हातात दिला. बसूनं तो स्वतःच्या मांडीवर घासला, चांगला निळा झालेला पाहिला आणि वडिलांच्या हातात परत देत म्हणाला, "लई सुंदर गेलाय, अप्पा." अप्पांनी मान डोलवली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण ते कन्नडमध्येही सुचलं नाही. मी मात्र टेलिफोनच्या नोकरीतून त्या क्षणी मोकळा झालो.

त्या संध्याकाळचं काय सांगू? बसूनं मैदान जिंकलं. लोकांनी एकेक गाणं पुन्हा वाजवायला लावलं, मागच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर चढली, आणि पुण्याचे मालक पहिलं गाणं संपायच्या आत हसायला लागले होते. अखेरीस त्यांनी बसूला मंचावर मिठी मारली आणि माईकसमोरच विचारलं, "पँट कुठली रे? परदेशी का?" बसू माईकजवळ गेला आणि म्हणाला, "न्हाय. आमच्या अप्पांची हाय." पहिल्या रांगेतून अप्पा उठले, निळा रुमाल उंच धरला आणि त्यांची नवी आरोळी ठोकली. बाळीवेशीतली सगळी माणसं तिकीट काढून आलेली होती. त्यांनी ती आरोळी मैदानभर उचलून धरली. पुण्याच्या मालकांना काहीएक समजलं नाही, पण तेही टाळ्या वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात रांग लागली. सोलापुरातल्या, बार्शीतल्या, माढ्याकडच्या पोरांनी नव्या कोऱ्या पँटी आणून टाकल्या. अप्पा असं सरसकट काम घेत नसत. आधी पोराला समोर बसवत. "काम काय करतोस? बसतोस कसा? लिहितोस कुठल्या गुडघ्यावर वही ठेवून?" सायकलवाल्याला सायकल चालवून दाखवायला लावत, तबला वाजवणाऱ्याला तबला आणायला सांगत. एक सधन घरातलं पोरगं म्हणालं, "मी काय बी करत न्हाय, अप्पा." अप्पांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "मग तुझी फक्त बुडावर विटवतो." आणि खरंच तेवढीच विटवून दिली. पोरगं ती मिरवत फिरलं. त्या उन्हाळ्यात माळवदावर पाय ठेवावा तिथं पँटीचा पाय होता, परात अव्वाला पुन्हा स्वयंपाकात मिळाली नाही, आणि लुगडीसुद्धा प्रथमच उन्हात वाळू लागली.

बसू पुण्याला गेला. परत यायचं नाही असं म्हणून नव्हे, दर सणाला येतो असं सांगून गेला आणि तसा येतही राहिला. पण सण वर्षाला मोजकेच, आणि गिटारवाल्याचे कार्यक्रम नेमके सणालाच. मीही शिक्षण संपवून बार्शीला परतलो. पुढं काही वर्षांनी एकदा अक्काकडे गेलो तेव्हा अप्पा ओट्यावर बसले होते, थकलेले वाटले, नखांचा निळा रंग मात्र तसाच होता. त्यांनी मला बघितलं, उजव्या खिशातली डबी काढून माझ्या बाहीवर रुमाल घासला आणि नापसंतीनं मान हलवून बाजूला सरकून जागा करून दिली.

आत अव्वा धुणं भिजवत होत्या. खुंटीवरच्या सदऱ्याचे खिसे चाचपताना डाव्या खिशातून त्यांनी एक घडी घातलेला, निळ्या डागाचा जुना रुमाल काढला आणि बादलीकडे हात नेला. अप्पांनी तो ओट्यावरून कसा पाहिला कोण जाणे. ते उठून, चप्पल न घालता, जवळजवळ धावत आत गेले आणि त्यांनी अव्वाच्या हातातून तो रुमाल काढून घेतला.

"अगं, हा धुऊ नको," ते म्हणाले. "ह्याचा रंग जाईल."